खालच्या अंगाची वाडी

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मी एक प्रकरण शिकवते. एकच नदी दोन देशांतून वाहते, वरच्या देशानं तिच्यावर धरण बांधलं, तर खालच्या देशाच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम होतात, असा त्याचा विषय. पुराबरोबर येणारा गाळ थांबतो, मासे कमी होतात, पाणी ओसरल्यावर ओलीवर होणारं पीक जातं, काठच्या विहिरी खाली जातात. मुलं भराभर उतरवून घेतात, कारण हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. माझ्या बाकीच्या तासांना अर्धा वर्ग कँटीनमध्ये असतो, या तासाला मात्र मागच्या बाकावरही जागा नसते. फळ्यावर परक्या नद्यांची नावं लिहिताना मला दरवर्षी एकदा तरी खडू खाली ठेवून खिडकीशी जावं लागतं. मुलांना वाटतं, मॅडमना खडूच्या धुळीचा त्रास आहे. वाटू दे.

खालचा देश कसा असतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी तिथलीच. अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात नदीकाठी माझं माहेर. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो आणि पाहुणा पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो. गोड पाणी एकट्या नदीचं. नदी आटल्यासारखी दिसली तरी वाळूत हातभर खड्डा केला की तळाशी पाणी झिरपून यायचं. त्याला आम्ही झिरा म्हणायचो. वाटीनं भरून घागरीत टाकायचं आणि घागर भरेपर्यंत गप्पा मारायच्या. आज माझ्या अमरावतीच्या स्वयंपाकघरात फिल्टर आहे, पण त्या पाण्याची चव आठवली की मला फिल्टरचा राग येतो. यात फिल्टरचा काही दोष नाही, हे मला कळतं.

माझ्या वडिलांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. आमचं शेत म्हणजे नदीचं पात्र. दिवाळी आटोपली आणि पाणी एका कडेला गेलं की वाळू उघडी पडायची. मग आमच्यातली दहा-बारा घरं वाळूवर रेघा ओढून ती वाटून घ्यायची. त्या रेघांचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे नव्हता आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचंही मला आठवत नाही. बाबा ओल लागेपर्यंत खड्डे करायचे, त्यात शेणखत आणि सरकीची ढेप घालायचे. आई बी ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी उबेला ठेवायची. मोड आले की ते एकेक करून वाळूत जायचे. वाऱ्यानं वाळू उडून वेल गाडले जाऊ नयेत म्हणून तुराट्यांची ताटी लावायची. यालाच आम्ही वाडी म्हणायचो. टरबूज, काकडी आणि डांगरं. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये, आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज.

माघापासून आमचं बिऱ्हाडच वाडीवर असायचं. खोपीत झोपायचं, झिऱ्याचं पाणी प्यायचं, शाळेला वाळूतूनच जायचं. चपला हातात आणि दप्तर पाठीवर. चैत्रात डांगरं पिकायला लागली की वास अख्ख्या पात्रावर पसरायचा. शाळेतून येताना डोळे मिटले असते तरी मला घर सापडलं असतं. माझ्या आयुष्यात पुढे पुष्कळ बऱ्या गोष्टी झाल्या. नोकरी लागली, घर झालं, लोक मॅडम म्हणू लागले. पण त्या वासात घरी जाणं पुन्हा मिळणार असेल तर यातलं बरंच काही मी विचार न करता देऊन टाकीन.

वाडीची एक रीत होती आणि ती समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. वेलावर फळ असेपर्यंत ते मोजायचं नाही. कोवळ्या फळाकडे सरळ बोट करायचं नाही, ते सडतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. आणि कुणी विचारलं, कशी काय वाडी यंदा, तर खरं सांगायचं नाही. वाडी लगडलेली असली तर म्हणायचं, "पानंच पानं हायेत." वाडी बसली असली, वेल करपले असले, तर म्हणायचं, "बरं हाये." भरलेल्याला नजर लागू नये आणि रिकाम्याची कुणी कीव करू नये, एवढाच त्यातला अर्थ. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा बाजारात "पानंच पानं हायेत" म्हणाले की दुकानदार हसून उधारी वाढवायचा, आणि "बरं हाये" म्हणाले की समोरचा माणूस विषय बदलायचा. फळ गाडीत भरून गाव सोडून गेलं, की मग घरातल्या घरात गाड्यांचा आकडा बोलायला हरकत नसे. बैलगाडी अकोल्याच्या बाजाराला निघाली की आई दाराच्या चौकटीवर चुन्याचं एक बोट ओढायची. ती बोटं मोजायचं काम माझं होतं. शाळेत गणितात मी कधी मागे पडले नाही, त्याला ती चौकट कारण आहे असं मला वाटतं.

मी कॉलेजात असताना वर डोंगराच्या पायथ्याशी धरण झालं. आमच्या गावातून ते दिसत नाही. जायचं म्हटलं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. त्यामुळे आमच्याकडे त्याचा फारसा बोभाटाही झाला नाही. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, यंदा पूर लहान आला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, यंदा गाळच नाही. मग दिवाळीतच नदी थांबायला लागली. पूर्वी संक्रांतीपर्यंत एक धार चालू असायची आणि तिच्यामुळे वाळू आतून ओली राहायची. ती धार गेली. बाबांचे खड्डे गुडघ्याचे कमरेएवढे झाले, तरी ओल लागेना. आणि एखाद्या वर्षी वेल कसेबसे धरले की वरून न सांगता पाणी सोडलं जायचं आणि एका दिवसात सगळं वाहून जायचं. वाडीला एरवी पाणी मिळत नव्हतं आणि मिळालं की ते असं मिळायचं.

याच सुमारास मी लग्न केलं, तेही वरच्या देशात. मी शिकवायला लागले त्याच कॉलेजात माझे यजमान शिकवायचे, आमचं आम्हीच ठरवलेलं. त्यांचं घर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागांच्या मुलखातलं, आणि नात्यातल्या एकांची बाग याच धरणाच्या कालव्यावर परतवाड्याच्या अंगाला होती. हिवाळ्यात तिथून संत्र्यांची पेटी आमच्याकडे यायची आणि मी त्यातली निम्मी माहेरी न्यायची. बाबा एकेक फोड तोंडात टाकून म्हणायचे, गोड आहे. पाणी कुणाचं आहे, हे ते कधी बोलले नाहीत. यजमान मला चिडवायचे की, तू व्हिसा न काढता सरहद्द ओलांडून आलीस. मी हसायची. ते चेष्टेतच म्हणत होते, आणि ती संत्री मलाही आवडत होती.

माझ्या नोकरीला दहाएक वर्षं झाल्यावर त्या धरणाच्या परिणामांचा अभ्यास करायचं काम आमच्या विभागाकडे आलं. कालव्याखाली किती फायदा झाला हे आधीच मोजून झालं होतं. आता खालच्या अंगाच्या गावांचं किती नुकसान झालं ते मोजायचं होतं. त्यावरून एक गोष्ट ठरणार होती: दिवाळीपासून होळीपर्यंत धरणातून नदीत थोडं थोडं पाणी सोडायचं की नाही. थोडंच. एक धार. तेवढ्यानं वाळू ओली राहिली असती आणि वाडी जगली असती. मला हे कळलं त्या दिवशी मी कॉलेजातून घरी येताना रिक्षा न करता चालत आले, इतका आनंद झाला होता. संध्याकाळी बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, तू विचारायला येशील तर मी सगळ्यांना घरी थांबायला सांगतो.

आमचे विभागप्रमुख सरळ माणूस होते. ते एवढंच म्हणाले की, तुम्ही त्या गावच्या, तेव्हा जपून. समोरचा सांगेल ते लिहा, आपलं घालू नका. पण विभागातल्या दुसऱ्या एका सहकाऱ्यानं चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हटलं की, मॅडमच्या माहेरी नुकसान जरा जास्तच भरणार. सगळे हसले. मीही हसले आणि आतून पेटले. माझा स्वभाव असा आहे की एखादी गोष्ट मला बोचली की मी ती खोटी पाडायला निघते, मग त्यात माझं काही का जाईना. मी त्या क्षणी ठरवलं की माझ्या गावच्या प्रश्नावल्यांमध्ये कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

मी गेले ती फेब्रुवारीत. बाबांनी खरंच सगळ्यांना थांबवलं होतं. एकेक घर करत मी शेवटी आमच्या खोपीत आले. आई त्याआधीच वारली होती. बाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले, अंगात धुतलेला सदरा, जणू मी तहसिलातून आले आहे. मी छापील प्रश्न वाचला: धरण होण्यापूर्वी चांगल्या वर्षी वाडीचं उत्पन्न किती गाड्या? बाबांच्या पाठीमागे वाडी होती. बसलेलीच होती, पण कडेच्या चार खड्ड्यांत ओल टिकली होती आणि तिथल्या वेलांवर सुपारीएवढी फळं धरली होती. बाबा म्हणाले, "चार-पाच. पानंच असायची." मी पुढचा प्रश्न वाचला: सध्या किती? ते म्हणाले, "तीन-चार होतेत. बरं हाये."

माझं पेन थांबलं. समोर फळ धरलेलं असताना हा माणूस दुसरं काही बोलूच शकत नव्हता. मला ते श्वासाइतकं सवयीचं होतं. चौकटीवरची चुन्याची बोटं मीच मोजली होती. धरणाआधी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गाड्या गेलेल्या मी पाहिल्या होत्या आणि आता वर्षाला एक गाडीही भरत नव्हती. दिवसभर प्रत्येक घरात मी हेच ऐकत आले होते, चांगल्याचं वाईट आणि वाईटाचं चांगलं. प्रश्नावलीच्या शेवटी एक रकाना होता, 'निरीक्षकाचा शेरा'. तो रकाना माझ्याचसाठी होता. जे उत्तरात येत नाही पण निरीक्षकाला दिसतं ते लिहायची ती जागा. दोन ओळी पुरल्या असत्या. मला चहाच्या टेबलावरचं हसू आठवलं. मी तिथे 'निरंक' लिहिलं आणि बाबांची सही घेतली.

बाबांनी सही नीट केली, सावकाश, आणि मला विचारलं की आता पाणी सुटेल ना. मी म्हटलं, बघू.

अहवाल झाला. तक्ते फार सुबक होते. विभागप्रमुखांनी माझ्या गावच्या नोंदींचं सगळ्यांसमोर कौतुक केलं की, कुठे अतिशयोक्ती नाही. त्या सहकाऱ्यानंही मान हलवली. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. आकड्यांची वजाबाकी केल्यावर नदीपात्रातल्या लागवडीचं नुकसान एका गाडीचं निघत होतं. अहवालात लिहिलं गेलं, 'नगण्य'. हिवाळ्यात वेगळं पाणी सोडण्याची आवश्यकता दिसत नाही, असंही लिहिलं गेलं. टाइप करताना माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी स्वतःला सांगितलं की हा मसुदा आहे, गावात बैठक होईल, तिथे लोक बोलतील.

बैठक पुढच्या वर्षी मार्चमध्ये शाळेच्या व्हरांड्यात झाली. दुपारची वेळ, वरून पत्रे तापलेले. पाटबंधारे खात्याचे अभियंते साहेब आणि विभागातले आम्ही दोघं-तिघं खुर्च्यांवर, लोक सतरंज्यांवर. साहेबांनी गावाचा तक्ता वाचून दाखवला. एका म्हातारीनं विचारलं की नगण्य म्हणजे काय. साहेब म्हणाले, मोजण्याइतकं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि मग सगळ्यांनी बाबांकडे बघितलं, कारण त्यांची मुलगी खुर्चीवर होती.

बाबा उठले. हात जोडून म्हणाले, "सायेब, आमी तसंच सांगत असतो. ते खरं नसते."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाले, ठीक आहे, मग खरं काय ते आता सांगा. मी लिहून घेतो. तुमच्या वाडीत आज किती फळ आहे, तिथून सुरू करा.

शाळेच्या मागून नदीत उतरायला शंभर पावलंही नाहीत. तिथे त्या वर्षीही थोडे वेल जगले होते. त्यांच्यावर थोडी फळं होती आणि घरातली वर्षाची मीठमिरची त्या फळांवर होती. बाबांनी तोंड उघडलं. नदीकडे बघितलं. पुन्हा साहेबांकडे बघितलं. आयुष्यभर जे केलं नाही ते करायला त्यांना भर दुपारी चारचौघांत सांगितलं जात होतं, आणि त्यांना ते जमलं नाही. ते खाली बसले. बाकीचेही कुणी उठले नाहीत. साहेबांनी थोडी वाट बघून वही मिटली.

मी खुर्चीवर होते. माझं तोंड कुठल्या रीतीनं बांधलेलं नव्हतं. मला सगळे आकडे पाठ होते. मी उठून बोलले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं, पाणी वरच अडलं असतं. पण मी बोलले असते तर मला आज ते माहीत असतं.

बाबा मला एसटीपर्यंत सोडायला आले. आम्ही फाट्यावर बाभळीखाली उभे होतो. ते म्हणाले, "माया तोंडानं गेली वाडी. तुया काय दोष, माय. मीच तसा बोललो, तू तं तेच लिहिलं." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि एसटीत खिडकीजवळच्या सीटवर ठेवली. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. एसटी सुटायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, बाबा, उन्हात थांबू नका, घरी जा.

पाणी सुटलं नाही. बाबांनी आणखी दोन वर्षं वाळूत खड्डे केले. तिसऱ्या वर्षी केले नाहीत. फोनवर मी विचारायची, तेव्हा ते दुसरंच काहीतरी सांगायचे, कुणाच्या घरी बारसं झालं, कुणी गाव सोडून बडनेऱ्याला कामाला गेलं. एकेक करून आमच्यातली घरं उठली. मी शेवटी बाबांना अमरावतीला घेऊन आले. यजमानांनीच आग्रह केला होता, आणि ते बाबांना इतकं जपायचे की मला कधीकधी त्यांच्याकडे बघवत नसे.

अमरावतीत बाबांचं एकच काम होतं. घरात कुठेही नळ ठिबकत असला की ते जाऊन बंद करायचे. आमचेच काय, शेजारच्यांचेही. बाजारात डांगरं आली की मी घेऊन यायची. शेतातली असायची, मोठी आणि देखणी. बाबा एक फोड खायचे आणि ताट बाजूला सारायचे. मलाही ती आवडत नव्हती. आम्ही दोघं समोरासमोर बसून न आवडणारं डांगर खायचो आणि दोघांच्याही मनात एकच चव असायची. नदीवरची ती चव आता कुठे विकत मिळत असती तर मी कितीही लांब गेले असते.

बाबांचा तो शेवटचा उन्हाळा, हे तेव्हा माहीत नव्हतं. वैशाखातली दुपार होती. कूलर चालू, बाबा पलंगावर टेकून बसलेले, मी टेबलाशी नव्या अभ्यासक्रमाच्या नोट्स काढत होते. त्यांनी विचारलं, काय लिहून राहिली. मी सांगितलं, वरच्या देशानं धरण बांधलं तर खालच्याचं काय होतं, ते. ते म्हणाले की देशादेशांतही असं होतं काय. मी म्हटलं, होतं.

मग म्हणाले, "आता लिही. आता सांगतो मी. आता वाडीच नाई तं नजर कायले लागते."

मी नवं पान उलटलं. ते सांगायला लागले. त्यांना सन आठवत नव्हते. त्यांची सालं वेगळी होती. थोरल्या मामाचं लग्न झालं ते साल, एकवीस गाड्या. आईला टायफॉइड झाला ते साल, अठरा, तेही पाणी घालायला माणूस नव्हतं म्हणून. बैल मेला ते साल, तेवीस, शेजाऱ्याच्या बैलावर. धरणानंतरचंही त्यांनी सांगितलं, सहा, चार, दीड, पुन्हा चार, मग एक, मग गाडीच नाही, डोक्यावर पाटी. त्यांचा आवाज बदलत गेला. मोजताना त्यांना आनंद होत होता. इतक्या वर्षांत हे आकडे त्यांनी घराबाहेर कधी बोलले नव्हते आणि बोलल्यावर ते त्यांना स्वतःलाच मोठे वाटत होते. मी लिहीत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गाडी चढ चढत होती, बाबा मागून चाकाला खांदा देत होते, आई चौकटीशी चुन्याची वाटी घेऊन उभी होती. मला इतकी आठवण येत होती की अक्षर वाकडं जात होतं.

"तुयी दहावी झाली ते साल," बाबा म्हणाले, "सव्वीस."

"एकोणतीस, बाबा," मी मान वर न करता म्हटलं. "सव्वीस अकोल्याला. अक्षय तृतीयेनंतर तीन मूर्तिजापूरला गेल्या होत्या."

आणि लिहून टाकलं. पुढचं साल येईना म्हणून मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. बैठकीत साहेबांकडे बघितलं होतं तसंच, तोंड थोडं उघडं.

"तुले ठाऊक होतं," ते म्हणाले. "सारं ठाऊक होतं तुले."

मी लिहिलेल्या आकड्याखाली रेघ ओढली.

"मंग मले कायले इचारलं, माय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी सगळा दोष आपल्या तोंडाला दिला होता आणि मी देऊ दिला होता. शेरा, चहाचं टेबल, माझा ताठा, यातलं काहीही त्यांना सांगता येईल असं नव्हतं आणि सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरं झालं, तुझं नाव खराब झालं नाही. तेच मला नको होतं.

बाबांनी पांघरायची चादर पायावर ओढली. म्हणाले, बरं, लिही पुढचं. धरणाच्या आधीचं शेवटचं साल राहिलं. आणि आकडा न सांगता ते थांबले, मी सांगेन म्हणून.